'लवकरच' म्हणजे नेमके कधी? ब्रिटिश टीव्ही आणि रेडिओवर येत्या वर्षात काय पाहावे, काय ऐकावे

प्रश्न थोडक्यात असा आहे : पुण्याहून लेस्टरला येऊन वर्ष झाले, घरात नऊ वर्षांची मुलगी आहे, आई-वडील पुण्यातच असतात. ब्रिटिश टीव्ही आणि रेडिओवर येत्या काळात पाहण्या-ऐकण्यासारखे काय आहे, आणि ते आधी कळावे कसे? एखाद्या चांगल्या कार्यक्रमाविषयी ऑफिसात कानावर येते, तोवर तो संपलेला असतो.

मी गेली बावीस वर्षे लंडनमध्ये कार्यक्रमपत्रिकेचे काम करतो. वाहिन्यांकडून आलेली वेळापत्रके तपासायची, प्रत्येक कार्यक्रमाचा चार ओळींचा मजकूर लिहायचा (आमच्या धंद्यात त्याला 'बिलिंग' म्हणतात) आणि त्या ढिगातून वेळ देण्याजोगे मोजके कार्यक्रम वेगळे काढायचे, असे हे काम आहे. त्या अनुभवावरून सांगतो की जाहिरातींच्या मागे लागण्यापेक्षा वेळा ओळखून ठेवाव्यात. इथल्या प्रसारणाचे एक पंचांग असते. कोणत्या महिन्यात काय येते, कोणत्या वारी किती वाजता काय लागते हे बहुतांशी ठरलेले असते आणि नवे कार्यक्रमसुद्धा त्याच ठरलेल्या जागांवर येऊन बसतात. पंचांग एकदा अंगवळणी पडले की 'येत्या काळात काय' या प्रश्नाचे निम्मे उत्तर घरबसल्या मिळते.

तुमची चुकामूक होते, ती मुख्यतः मालिकांच्या लांबीमुळे. आपल्याकडची संध्याकाळची मालिका तीन महिने पाहिली नाही तरी फारसे बिघडत नाही. सासूबाई त्याच दिवाणखान्यात, त्याच पायरीवर उभ्या सापडतात. ब्रिटिश मालिका मात्र बहुधा सहा भागांची असते, अनेकदा एकाच लेखकाने लिहिलेली, आणि दीड महिन्यात आटोपते. 'फॉल्टी टॉवर्स' या गाजलेल्या विनोदी मालिकेचे एकूण भाग बाराच आहेत, सहा १९७५ मधले आणि सहा १९७९ मधले. 'हॅपी व्हॅली' ही पोलिसकथा २०१४, २०१६ आणि २०२३ अशा तीन वेळा आली आणि अठरा भागांत कायमची संपली. इथे 'सिरीज' हा शब्द अशा एका हंगामापुरता वापरतात, त्यामुळे 'सिरीज थ्री' म्हणजे तिसऱ्यांदा आलेले सहा भाग, हेही ध्यानात ठेवावे. मी नवा आलो होतो तेव्हा एका तीन भागांच्या मालिकेचा पहिला भाग आवडला म्हणून 'पुढचे सावकाश पाहू' असे ठरवले, आणि दोन आठवड्यांनी टीव्ही लावला तर त्या जागी बागकामाचा कार्यक्रम चालू होता. तेव्हा मागे जाऊन पाहण्याची सोय नव्हती. बीबीसीचा आयप्लेयर २००७ च्या नाताळात सुरू झाला.

दुसरी अडचण तारखांची. वाहिन्या नव्या नाटकाची झलक महिनोन्महिने आधी दाखवतात आणि खाली 'लवकरच' एवढेच लिहितात, कारण समोरची वाहिनी त्या दिवशी काय लावते हे पाहिल्याशिवाय कोणीच आपले पान टाकत नाही. पक्की तारीख आमच्याही हाती फार आधी येत नाही आणि आल्यावर बदलणार नाही याची खात्री नसते. इथला प्रसारणाचा आठवडा शनिवारी सुरू होऊन शुक्रवारी संपतो आणि त्याची छापील पत्रिका आधीच्या मंगळवारी दुकानात येते. त्यातली सर्वांत जुनी 'रेडिओ टाइम्स'. वृत्तपत्रांनी रेडिओचे कार्यक्रम फुकट छापायला नकार दिला, तेव्हा बीबीसीने स्वतःची पत्रिका काढायचे ठरवले आणि २८ सप्टेंबर १९२३ रोजी तिचा पहिला अंक निघाला. १९९१ पर्यंत तिच्यात फक्त बीबीसीचे कार्यक्रम असत आणि आयटीव्हीसाठी निराळी पत्रिका घ्यावी लागे, हे आज सांगितले तर तरुण सहकाऱ्यांना खरे वाटत नाही. तुम्ही दर आठवड्याला ती विकत घ्यावी असे मी म्हणणार नाही, पण डिसेंबरातला दोन आठवड्यांचा नाताळचा जोडअंक जरूर घ्या. पेन घेऊन सोफ्यावर बसायचे आणि आपापल्या कार्यक्रमांभोवती गोल करायचे हा इथल्या कितीतरी घरांतला नाताळचा रिवाज आहे, आणि मुलीला त्यात मजा वाटेल.

आता वर्षाचे चक्र. नव्या नाटकांसाठी सर्वांत मोलाचा काळ म्हणजे जानेवारीचा पहिला पंधरवडा. बाहेर चार वाजता अंधार पडतो, खिसे नाताळात रिकामे झालेले असतात आणि लोक घरात असतात. म्हणून वाहिन्या आपला उत्तम माल तेव्हा मांडतात. १ जानेवारी २०२४ पासून सलग चार रात्री आयटीव्हीने 'मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस' दाखवले. पोस्ट ऑफिसच्या होरायझन नावाच्या सदोष संगणकप्रणालीमुळे हिशेबात तूट दिसली आणि १९९९ ते २०१५ या काळात शेकडो उपटपाल-चालकांवर, म्हणजे स्थानिक टपाल कार्यालये चालवणाऱ्यांवर, चोरी-अफरातफरीचे खटले झाले; त्यांत भारतीय वंशाची माणसे बरीच होती. हा विषय पत्रकार वर्षानुवर्षे मांडत होते, सरकारी चौकशीही चालू होती, तरीही सर्वसामान्य माणसाचा संताप उसळला तो या चार रात्रींनंतर, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्या शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा संसदेने केला. तेव्हा ३१ डिसेंबरच्या जागरणानंतर दुसऱ्या दिवशी रात्री नऊला बीबीसी वन आणि आयटीव्हीवर काय आहे, ते आधी पाहून ठेवा. वर्षाच्या उरलेल्या काळात नाटकाची मानाची वेळ रविवारी रात्री नऊची.

या 'नऊ'ला घरात मूल असणाऱ्यांच्या दृष्टीने आणखी एक अर्थ आहे. ऑफकॉम या नियामक संस्थेच्या संहितेनुसार लहान मुलांना न झेपणारे दृश्य किंवा भाषा रात्री नऊच्या आधी दाखवता येत नाही. या सीमेला 'वॉटरशेड' म्हणतात. नियम पाळला जातो, पण नऊ वाजून एक मिनिटाने काय दिसेल याचा भरवसा नाही, म्हणून रिमोट हाताशी असू द्या. मुलीसाठी मी दोन नावे सुचवीन. 'न्यूजराउंड' हे मुलांचे बातमीपत्र १९७२ पासून चालू आहे आणि युद्ध-दुष्काळासारख्या बातम्या न घाबरवता, पण खोटेही न बोलता कशा सांगाव्यात याचा तो नमुना आहे. दुसरे 'ब्लू पीटर', मुलांसाठीचा विविध विषयांचा कार्यक्रम, १९५८ पासूनचा. मुलीने त्यांना एखादे चित्र, कल्पना किंवा मनापासून लिहिलेले पत्र पाठवले आणि ते पसंत पडले, तर जहाजाचे चिन्ह असलेला बॅज टपालाने घरी येतो. तो लावून आणि सोबतचे ओळखपत्र दाखवून अनेक संग्रहालयांत व प्रेक्षणीय ठिकाणी मुलांना फुकट प्रवेश मिळतो. माझ्या मुलाने चार वेळा पत्र लिहिल्यावर त्याला तो मिळाला. शाळेतल्या कोणत्याही प्रमाणपत्राची त्याने तेवढी निगा राखली नाही.

सप्टेंबर ते डिसेंबर हा सर्वांनी मिळून पाहण्याच्या कार्यक्रमांचा हंगाम. 'स्ट्रिक्टली कम डान्सिंग' (नामवंतांची नृत्यस्पर्धा, २००४ पासून, बीबीसी वन, शनिवार संध्याकाळ) आणि 'बेक ऑफ' (हौशी लोकांची केक-पाव भाजण्याची स्पर्धा, २०१० मध्ये बीबीसी टूवर सुरू झालेला, २०१७ पासून चॅनेल फोरवर) यांची याहून अधिक ओळख करून देण्याची गरज नाही, ऑफिसात ती आपोआप होते. त्यांच्यापेक्षा मी बीबीसी टूवरच्या सोमवार संध्याकाळच्या प्रश्नमंजूषांकडे लक्ष वेधीन, विशेषतः 'युनिव्हर्सिटी चॅलेंज'कडे. हा कार्यक्रम १९६२ मध्ये आयटीव्हीवर सुरू झाला, १९९४ पासून बीबीसीकडे आहे, आणि २०२३ पासून त्याचे सूत्रसंचालन अमोल राजन करतात. नाव ऐकून आपल्यापैकी अनेकांनी त्यांना मराठी ठरवून टाकले आहे, पण त्यांचा जन्म कोलकात्याचा. नियम कडक आहेत : सुरुवातीच्या प्रश्नाला दहा गुण, मग पाच-पाच गुणांचे तीन उपप्रश्न, आणि प्रश्न पुरा होण्याआधी घंटी दाबून उत्तर चुकले तर पाच गुण वजा. पाण्याच्या रेणूपासून चौदाव्या शतकातल्या पोपपर्यंत काहीही विचारतात. अर्ध्या तासात आपल्याला चार उत्तरे आली तर तो आठवडा चांगला गेला असे समजायचे.

उन्हाळा टीव्हीचा पडता काळ असतो, पण कानांची चंगळ असते. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये 'प्रॉम्स' हा संगीतमहोत्सव चालतो. १८९५ मध्ये तो क्वीन्स हॉलमध्ये सुरू झाला, १९४१ मध्ये जर्मन बॉम्बने ते सभागृह जळाल्यावर अल्बर्ट हॉलमध्ये आला. आठ आठवड्यांतली प्रत्येक मैफल रेडिओ थ्रीवर थेट ऐकायला मिळते, काही टीव्हीवरही दिसतात. पत्रिका एप्रिलमध्ये जाहीर होते. ती जाहीर झाली की लगेच वाचून काढा आणि ओळखीचे एकही नाव दिसले नाही तरी दोन तारखा लिहून ठेवा. पाश्चात्त्य अभिजात संगीताची सवय नसलेल्या माणसाला मी पहिली मैफल रेडिओवर ऐकायला सांगतो, कारण सुरू होण्याआधी निवेदक रचनेची ओळख करून देतो आणि कोठे लक्ष द्यायचे ते सांगतो.

क्रिकेटचे काय, हे तुम्ही विचारले नाही, तरी मी सांगणारच. इंग्लंडमधल्या कसोटींचे बीबीसी रेडिओवरचे समालोचन, 'टेस्ट मॅच स्पेशल', १९५७ पासून चेंडू-चेंडूचे वर्णन करीत आले आहे. त्यातली खरी गंमत खेळ थांबल्यावर कळते. पाऊस आला की दुसऱ्या वाहिन्या जुने सामने लावतात. ही मंडळी बोलत राहतात, कबुतरांविषयी, श्रोत्यांनी पाठवलेल्या केकविषयी, १९७१ च्या ओव्हलविषयी. अजित वाडेकरांच्या संघाने तिथे काय केले ते मी वडिलांकडून शंभरदा ऐकले होते, पण इंग्रजांच्या तोंडून, हरलेल्याच्या बाजूने ऐकताना त्याची चव वेगळी लागली.

आता रेडिओकडे वळतो, कारण माझ्या मते ब्रिटिश प्रसारणाचे खरे वैभव तिथे आहे आणि बाहेरून आलेले लोक नेमके त्याच्याकडे दुर्लक्ष करतात. रेडिओ फोर ही बोलण्याची वाहिनी आहे. गाणी जवळजवळ नाहीत. दुपारी सव्वादोनला पाऊण तासाची श्रुतिका, संध्याकाळी साडेसहाला विनोद, पावणेअकराला झोपण्यापूर्वीचे पुस्तकवाचन, अशी तिची दिनचर्या आहे. गुरुवारी सकाळी नऊला 'इन अवर टाइम' लागतो : एक विषय, तीन प्राध्यापक, पाऊण तास, मध्ये संगीत नाही, विनोद नाही. १९९८ पासून २०२५ पर्यंत मेल्व्हिन ब्रॅग यांनी तो चालवला, त्यांच्यानंतर मिशा ग्लेनी यांनी सूत्रे घेतली. सम्राट अशोक, भगवद्गीता, उपनिषदे या विषयांवरचे जुने भाग संग्रहात आहेत. त्यांतला एक आधी ऐका, म्हणजे ओळखीच्या विषयावर ही मंडळी किती खोल जातात याचा अंदाज येईल आणि मग अनोळखी विषयांवर विश्वास बसेल. हिवाळ्याच्या तोंडावर येणारी 'रीथ व्याख्याने' ही बीबीसीची वार्षिक व्याख्यानमालासुद्धा वहीत नोंदवण्याजोगी. १९४८ मध्ये बर्ट्रांड रसेल यांनी ती सुरू केली आणि २००३ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी दिलेली व्याख्याने आजही ताजी वाटतात.

'द आर्चर्स' या मालिकेबद्दल मी सावधपणे लिहितो, कारण तिचे वेड लागते किंवा ती दोन मिनिटांत बंद करावीशी वाटते; मधला पर्याय नाही. अँब्रिज नावाच्या काल्पनिक खेड्यातल्या शेतकऱ्यांची ही कथा १ जानेवारी १९५१ पासून देशभर ऐकवली जाते. युद्धानंतर अन्नधान्याची टंचाई होती, शेतकऱ्यांना नवी तंत्रे सांगायची होती, आणि कोरडा उपदेश कोणी ऐकत नाही हे ठाऊक असल्यामुळे तो कथेतून सांगायचे ठरले. आपल्या आकाशवाणीवरच्या शेतकऱ्यांच्या कार्यक्रमांतले संवाद ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना ही युक्ती लगेच ओळखू येईल. २२ सप्टेंबर १९५५ रोजी, म्हणजे आयटीव्ही ज्या रात्री सुरू झाली त्याच रात्री, या मालिकेतली ग्रेस नावाची तरुण सून तबेल्याच्या आगीत मेली. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत नव्या वाहिनीपेक्षा तिचीच चर्चा अधिक होती. एका रेडिओ मालिकेने टीव्हीच्या उद्घाटनावर असे विरजण घातल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. संध्याकाळी सातच्या बातम्या झाल्या की तेरा मिनिटांचा भाग लागतो, आणि रविवारी सकाळी आठवड्याचे सगळे भाग एकत्र ऐकता येतात. सहा आठवडे तरी द्या. आधी कोण कोणाचा मेहुणा हेच कळत नाही.

आणि मग रात्रीचे बारा अठ्ठेचाळीस. रेडिओ फोरवर 'सेलिंग बाय' ही संथ धून वाजते आणि 'शिपिंग फोरकास्ट', म्हणजे जहाजांसाठीचा हवामानाचा अंदाज, सुरू होतो. ब्रिटनभोवतीच्या समुद्राचे एकतीस विभाग केलेले आहेत आणि निवेदक ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वाचत जातो : व्हायकिंग, नॉर्थ उत्सीरा, साउथ उत्सीरा, फोर्टीज, क्रोमार्टी, फोर्थ, टाइन, डॉगर, फिशर, जर्मन बाइट. प्रत्येक विभागासाठी आधी वाऱ्याची दिशा आणि जोर, मग लाटा, मग पाऊसपाणी, मग दृश्यता, आणि सगळे तारेच्या भाषेत; क्रियापद औषधालाही सापडत नाही. प्रत्येक शब्दाला मोजून दिलेला अर्थ आहे. वादळाची सूचना 'इमिनंट' असेल तर सहा तासांच्या आत, 'सून' म्हणजे सहा ते बारा तासांत, 'लेटर' म्हणजे त्याहून पुढे. शेवटचा 'गुड' हा हवामानाला दिलेला शेरा वाटतो, पण त्याचा अर्थ एवढाच की पाच सागरी मैलांपलीकडचे दिसते. 'व्हेरी पुअर' म्हणजे हजार मीटरच्या आतले धुके. २००२ मध्ये फिनिस्टेअर या विभागाचे नाव बदलून फिट्झरॉय केले, तेव्हा ज्यांनी आयुष्यात होडीत पाय ठेवला नव्हता अशा लोकांनीही हळहळ व्यक्त केली. मी पहिली दोन वर्षे एका खोलीत एकटा राहत होतो आणि रात्रपाळीहून आल्यावर हे ऐकत असे. कोकणातल्या केंद्रांवरून मच्छीमारांना दिल्या जाणाऱ्या सूचना लहानपणी आजोळी ऐकल्या होत्या; आजोबा दर्यावर जाणारे नव्हते, तरी त्या लागल्या की घरात कोणी बोलत नसे. इथे तोच धरलेला आवाज, तोच मोजका शब्द कानावर पडला आणि प्रथमच झोप नीट लागली.

थोडे व्यवहाराचे. रेडिओ ऐकायला परवाना लागत नाही, ती अट १९७१ मध्येच गेली. टीव्हीचे मात्र उलट आहे : कोणत्याही वाहिनीचे थेट प्रसारण पाहायचे असेल, मग ते फोनवर का असेना, किंवा आयप्लेयर वापरायचा असेल, तर घरटी एक परवाना हवा. एप्रिल २०२५ मध्ये त्याची वार्षिक रक्कम १७४.५० पौंड झाली. दर एप्रिलमध्ये ती तपासून घ्यावी. 'आम्ही बीबीसी पाहतच नाही, फक्त क्रिकेट पाहतो' हे कारण दंडाच्या वेळी चालत नाही. आपल्यातले बरेच लोक याच समजुतीवर असतात, म्हणून मुद्दाम लिहिले.

राहिले पुण्यातले आई-वडील. बीबीसी साउंड्स हे ॲप जुलै २०२५ मध्ये ब्रिटनबाहेरच्या श्रोत्यांसाठी बंद झाले, परंतु रेडिओ फोर आणि वर्ल्ड सर्व्हिस या दोन वाहिन्या बीबीसीच्या आंतरराष्ट्रीय संकेतस्थळावर आणि ॲपवर भारतातही थेट ऐकू येतात. क्रिकेटचे समालोचन हक्कांच्या कारणाने तिथे बहुधा मिळणार नाही, हे वडिलांना आधीच सांगून ठेवा. वेळेचा फरक हिवाळ्यात साडेपाच तासांचा आणि उन्हाळ्यात साडेचार तासांचा. इथली घड्याळे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. त्या हिशेबाने गुरुवारचा 'इन अवर टाइम' पुण्यात हिवाळ्यात दुपारी अडीचला लागेल, जेवणानंतर आडवे होण्याच्या वेळी. 'द आर्चर्स'साठी मात्र मध्यरात्र उलटेपर्यंत जागावे लागेल, तेव्हा रविवारचा एकत्रित भागच बरा. आणि शिपिंग फोरकास्ट सकाळी सहा अठराला, म्हणजे पहिल्या चहाच्या सुमारास. बाहेर पेपरवाला येऊन गेलेला असेल, आत 'डॉगर, फिशर, जर्मन बाइट' चालू असेल. साडेसहाच्या आतबाहेर राष्ट्रगीत वाजते, रेडिओ फोरचा दिवस संपतो आणि त्याच ठिकाणी वर्ल्ड सर्व्हिसच्या बातम्या सुरू होतात. तेव्हा ॲप बंद पडले असे समजून वडिलांनी तुम्हाला लेस्टरला रात्री एक वाजता फोन करू नये, एवढे त्यांना सांगा.